तेराच्या पुढं सतरा

इनामदार सरांनी पहिल्या भेटीतच माझ्यावर संशय घेतला. क्लासचे मालक बिराजदार यांनी ओळख करून दिली, "या केमिस्ट्रीच्या मॅडम. आजपासून आपल्याकडं." मी नमस्कार केला. सरांनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बिराजदारांना विचारलं, "कशावरून?"

मला असा राग आला म्हणता! एम.एस्सी.चं सर्टिफिकेट पर्समध्येच होतं, ते टेबलावर आपटावंसं वाटलं. बिराजदार हसत म्हणाले, "सर सगळ्यांनाच असं विचारतात हो, मनावर घेऊ नका." त्यावर सर शांतपणे म्हणाले, "मनावर घ्या की बाई. मी बी गनिताचा मास्तर हाय म्हनून हे सांगतेत. तुमी कुठं तपासलं?"

सर मूळचे धर्माबादचे. उंच, पाठीत जरा वाकलेले, पांढरा शर्ट, आणि भर उन्हाळ्यातसुद्धा हातात छत्री. तिकडच्या शाळेतली नोकरी मुदतीआधी सोडून इकडं आले होते. बायको वारलेली, मुलगी नांदेडला दिलेली. तेव्हा लातुरात गल्लीगल्लीत क्लास निघत होते. पत्र्यावर रंग ओला असतानाच पहिली बॅच बसायची. शिकवणाऱ्यांना आसपासच्या जिल्ह्यांतून बोलावून आणत, आणि त्या लाटेत आम्ही दोघंही आलो होतो. योगायोग असा की दोघांचंही बिऱ्हाड औशाला, त्यामुळं रोज सकाळी एकाच एस.टी.नं लातूरला यायचो.

त्या एस.टी.त मला माणूस कळत गेला. गाडीवर ठळक पाटी असायची, तरी सर कंडक्टरला विचारत, "लातूरलाच जाती ना?" तो हो म्हणाला की मागच्या बाकावरच्या बाईला विचारत. मग ड्रायव्हरच्या काचेशी जाऊन त्याला. एकाला विचारताना दुसऱ्याला ऐकू जाणार नाही याची काळजी घेत. पहिले चार दिवस मी दुसरीकडं तोंड करून बसले. पाचव्या दिवशी राहवेना. म्हटलं, "सर, कंडक्टरला ठाऊक नसतं का हो?"

"आसंल की. पन त्यो एकटाच सांगूलालाय. तिघं येगयेगळे बसून एकच बोलले तर मंग धरायचं."

"आणि तिघंही खोटं बोलले तर?"

सर पुढं सगळा रस्ता खिडकीतून तुरीची रानं बघत राहिले. लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर छत्री काखेत मारून माझ्याजवळ आले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमचं बरोबर हाय बाई. चौथा पायजे."

तुम्ही म्हणाल विक्षिप्त. मीही तेच म्हणायची. पण त्या वर्षी कोण शहाणं होतं? किल्लारीचा भूकंप होऊन वर्ष उलटलं होतं तरी औशातली माणसं घरात निजायला भीत होती. घरोघरी पातेल्यावर तांब्या, तांब्यावर पेला अशी उतरंड रचून ठेवलेली, हललं की कळावं म्हणून. मांजरानं धक्का दिला तरी सगळी गल्ली रस्त्यावर. त्यात रोज नवी अफवा यायची. एकदा उठलं की येत्या शनिवारी पुन्हा येणार, कुण्या महाराजांनी तारखेचे आकडे मिळवून काढलंय. शुक्रवारपासूनच क्लास ओस. सर क्लासच्या कचेरीसमोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला विचारू लागले, "महाराजाला कुनी सांगितलं? कोनते आकडे मिळवले? त्येच का मिळवले, दुसरे का न्हाई?" लोक वैतागून निघून जात. शनिवारी संध्याकाळी मी डबा द्यायला त्यांच्या खोलीकडं गेले तर सरांची बाज बाहेर, अंगणात!

"सर, तुम्ही तर मानत नाही म्हणालात?"

"न्हाईच मानत," सर उशी झटकत म्हणाले. "पन येनार न्हाई ह्ये तरी मी कुठं तपासलंय?"

मी इतकी हसले की डबा सांडला असता. आणि त्या हसण्यात माझी स्वतःची भीती बरीच निघून गेली, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

वर्गात त्यांचं एकच वाक्य असायचं. पोरानं उत्तर दिलं की बरोबर का चूक ते न सांगता विचारायचे, "तपासलं का मानलं?" पोरं त्यांची नक्कल करायची. मानलं म्हणणाऱ्याला ते रागवत नसत, फक्त खडू त्याच्या हातात देत. फळ्यापाशी उभं राहून तपासणं ही मोठी शिक्षा होती, कारण क्लासला तर घाई. बिराजदारांनी पोरांना युक्त्या पाठ करून दिल्या होत्या. त्यातली एक फार लाडकी होती, तेराची. एखादी संख्या मूळ आहे का, म्हणजे तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही का, असं विचारलं तर दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा एवढ्यांनी भागून बघायचं. नाही गेला भाग, तर 'मूळ' वर खूण करायची आणि पुढचा प्रश्न. परीक्षेत लहानच आकडे येत, त्यामुळं युक्ती चालून जायची. सरांना त्या तेराचा भारी राग होता. "तेराला काय कुंपन हाय का?" म्हणायचे.

त्याच वर्षी बिराजदारांनी जाहीर केलं की भूकंपात घर गेलेल्या एका मुलाला किंवा मुलीला दोन वर्षं मोफत शिकवायचं, राहण्याजेवणासकट. परीक्षा ठेवली. खरं सांगते, मला तेव्हाच वास आला होता. क्लासची नवी इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराचा पुतण्या परीक्षेला बसला होता. घर त्याचंही पडलं होतं म्हणे, पण पोरगा येताना जीपमधून आला.

आणि एक महानंदा आली होती. किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातली. आई ढिगाऱ्याखाली गेली, बाप आणि ती पत्र्याच्या शेडात राहत होते. परीक्षेच्या दिवशी बाप फाटकाशी उभा होता. मी पाणी दिलं तर म्हणाला, "बाई, लागला नंबर तर शिकंल. न्हाई तर दिवाळी झाली की उरकून टाकतो तिचं. शेडात जवान पोर कुठवर ठिवू?" राग यावा असं बोलणं, पण त्याच्याकडं बघून मला राग आला नाही.

पेपर तपासून झाले. ठेकेदाराचा पुतण्या पहिला, महानंदा एका प्रश्नानं मागं. बिराजदारांनी पुतण्याचा फोटो छापायलाही पाठवला. आणि इकडं इनामदार सरांनी, कुणी सांगितलं नसताना, तपासलेले पेपर पुन्हा तपासायला घेतले.

तो एक प्रश्न असा होता : १०,००,००,००१ ही संख्या मूळ आहे की नाही? दहा कोटी एक. बिराजदारांनी प्रश्न स्वतः बसवला होता, संख्या मोठी दिसावी म्हणून. उत्तरही स्वतःच काढलं होतं, तेराच्या युक्तीनं. उत्तरतालिकेत 'मूळ'. सगळ्या पोरांनी 'मूळ' लिहिलेलं. एकट्या महानंदानं लिहिलं होतं, 'नाही. १७ ने भाग जातो.' त्यावर लाल फुली.

सरांनी आधी काय केलं असेल? संशय घेतला, दुसरं काय! पोरीवरच. "हिला कुनी सांगितलं? पेपरवर कच्चं गनित कुठंच न्हाई." मी म्हटलं, "अहो सर, जरा दया करा." ते म्हणाले, "दया कराया मी काय दर्ग्यावर बसलोय का? बोलवा तिला."

दुसऱ्या दिवशी बिराजदारांच्या खोलीत ती बसली होती, ओढणीचं टोक मुठीत. बाप दाराशी. सर तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"सतरानं का भागलंस? सगळे तेराला थांबले."

महानंदानं त्यांच्याकडं बघितलं. प्रश्नच कळला नाही तिला. "तेरा झाल्यावर सतराच येतंय की सर," ती म्हणाली. "थांबा म्हनून कुठं लिवलं नव्हतं."

"कच्चं कुठं हाय?"

"पाटीवर केलं. कागद वाया जाईल म्हनून पाटी आनली होती."

बिराजदारांनी हसून विषय संपवायचा प्रयत्न केला. "सर, पेपर फुटला असणार. कुठून तरी उत्तर मिळालं पोरीला."

आणि तिथं सर एकदम ताठ झाले. "बिराजदार साहेब, फुटला आसता तर तुमच्या तालिकेतलं उत्तर मिळालं आसतं हिला. 'मूळ'. तुमच्यासारकंच चुकीचं. हिचं येगळं आलं म्हनूनच ही चोर न्हाई." मग महानंदाला म्हणाले, "भागून दाखीव पोरी. सगळं."

तिनं टेबलावरच्या कागदावर भागाकार मांडला. एकाखाली एक आकडा उतरत गेला आणि शेवटी बाकी शून्य. वर उत्तर : ५८,८२,३५३. सरांनी ते उलटं गुणून बघितलं. मग मला गुणायला लावलं. मग दाराशी उभ्या शिपायाला हाक मारली, तर बिराजदार ओरडले, "पुरे हो सर!"

"तीन तरी पायजेत," सर म्हणाले. शिपायानंही गुणलं. आलं.

बिराजदार खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघा, परीक्षेत तेराच्या पुढं येत नाही. आपण परीक्षेसाठी शिकवतो, जगासाठी नाही. निकाल लागलाय. फोटो गेलाय."

"मंग पाटीवर तसं लिवा बाहेर. हितं तेरापर्यंतच शिकवतेत म्हनून."

बिराजदारांनी ऐकलं नाही. मग सरांनी भांडण केलं नाही, मोर्चा काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बॅचला फळ्यावर एकच ओळ लिहायची आणि खुर्चीत बसून राहायचं : १०,००,००,००१ = १७ × ५८,८२,३५३. खाली : तपासा. पोरांनी तपासलं. घरी जाऊन आईबापांना दाखवलं. क्लासचीच तालिका चुकली हे आठवड्याभरात लातूरभर झालं. दुसऱ्या क्लासवाल्यांनी तर ते आनंदानं पसरवलं. शेवटी बिराजदारांनी दोघांनाही घेतलं, पुतण्यालाही आणि महानंदालाही, आणि मोठ्या मनाचं काम केलं असं मिरवत दोघांचे फोटो छापले. महानंदाचा बाप फाटकाशी रडला. मीही रडले, मोकळेपणानं.

सर रडले नाहीत. ते ५८,८२,३५३ वर जाऊन अडकले होते. आता ही तरी मूळ आहे का? बिराजदार खोचून म्हणाले होते, "असेल मूळ." तेवढं सरांना पुरलं. त्या आकड्यात अजून एक गंमत त्यांना कुठंतरी सापडली होती. तो मधून तोडायचा, ५८८ आणि २३५३. दोघांचे वर्ग करायचे आणि मिळवायचे. परत तोच आकडा, ५८,८२,३५३! एस.टी.त त्यांनी मला हे करून दाखवलं तेव्हा मी टाळी वाजवली. सर मात्र नाराज. "लई गोड हाय. लई गोड बोलनाऱ्या मानसावर आन आकड्यावर नजर ठिवायची आसती." मग समजावून सांगितलं की जिथं भागणारा आकडा स्वतःशी गुणला की ५८,८२,३५३ च्या पुढं जातो तिथवरच भागायचं, म्हणजे चोवीसशे पंचवीसपर्यंत. तेवढ्यातल्या सगळ्या मूळ संख्यांनी, एकेक करून, हातानं.

कागद कुठला? क्लासच्या जाहिरातींचे गठ्ठे पडलेले असत. एका बाजूला हसऱ्या पोरांचे फोटो, पाठ कोरी. त्या कोऱ्या पाठीवर सर औशाच्या स्टँडवर, चहाच्या टपरीपाशी बसून भागाकार करत.

आणि आमच्या गावानं जे समजायचं तेच समजलं. दिवसभर आकडे मांडणारा, कुणाला धड काही न सांगणारा माणूस. दुसरं काय करणार? मटका! मास्तर आकडा काढतोय. टपरीवाला मेहबूब एके दिवशी हळूच वाकून म्हणाला, "सर, आज काय निघनार?"

"काय बी निघत न्हाई," सर वर न बघता म्हणाले. "बाकीच उरूलालीय."

"बाकी किती?"

सरांनी नुकतंच सत्त्याण्णवनं भागलं होतं. चिडून म्हणाले, "एकोणऐंशी. जा आता."

मेहबूबनं एकोणऐंशी लावला. आणि त्या दिवशी, काय सांगू तुम्हाला, एकोणऐंशीच आला!

दुसऱ्या दिवशी टपरीवर ही गर्दी. एकानं नारळ आणला, एकानं पेढे. सर ओरडून सांगत होते, "आरे, ती बाकी हाय, बाकी! त्येचा ह्येच्याशी काय संबंध?" जितकं ओरडत तितका लोकांचा विश्वास वाढत होता. खरा माणूस नाहीच म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. मलासुद्धा क्षणभर वाटून गेलं, खोटं कशाला बोलू, की म्हातारा काहीतरी लपवत तर नाही ना? जन्मभर सगळ्यांवर संशय घेणारा माणूस, आणि आता अख्खं गाव त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत होतं.

बिराजदार याच संधीची वाट बघत होते. "क्लासची बदनामी होते," म्हणाले, "पालक विचारतात." महिन्याअखेरीला सरांना निरोप. ज्या पालकांसमोर फळ्यावरचा भागाकार खरा ठरला होता, त्यांतला एकही काही बोलला नाही. मी बिराजदारांशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, "मॅडम, मटका लावत नव्हते हे तुम्ही तपासलं का?" सरांचंच वाक्य! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सर नांदेडच्या गाडीत बसले तेव्हा महानंदा हॉस्टेलातून पळत आली. त्यांनी खिडकीतून एवढंच विचारलं, "अभ्यास तपासूलालीस का मानूलालीस?" ती रडतच म्हणाली, "तपासून, सर." सरांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर विश्वास काही दिसला नाही. मग शेजारच्या प्रवाशाकडं वळले, "ही नांदेडलाच जाती ना?"

त्यानंतर बरीच वर्षं गेली. महानंदा शिकली, एम.एस्सी. झाली, लोह्याच्या कॉलेजात गणित शिकवू लागली. लग्न केलं ते स्वतःच्या मनानं आणि स्वतःच्या वेळी. सुट्टीत ती नांदेडला सरांकडं जायची. एकदा तिचा फोन आला, "मॅडम, सरांची नजर गेली. साखरेनं. भागाकार एकोणीसशे एकवर थांबलाय. कागदांचा गठ्ठा मी आणलाय." मी म्हटलं, "अगं, आता कॉम्प्युटर आहे, एका क्षणात सांगतो." ती म्हणाली, "सांगितलं मी. सर म्हणतात, यंत्रानं तपासलं, मी मानलं, मग माझं काय राहिलं?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी गेलो. जुन्या नांदेडात, मुलीच्या घरी, पुढच्या खोलीत सर बसले होते. पार वाळलेले. छत्री खुर्चीच्या पाठीला टांगलेली. आवाजावरून मला ओळखलं, तरी विचारलंच, "केमिस्ट्रीच्या बाई? कशावरून?" मी म्हटलं, "डबा सांडता सांडता वाचलेली." तेव्हा बसा म्हणाले.

महानंदानं गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. "सर, झालं. शेवटचा चोवीसशे तेवीस. बाकी सतराशे बत्तीस. कशानंच भाग जात नाही."

सर बराच वेळ फोटोंच्या बाजूवरून बोटं फिरवत राहिले. त्यांना कुठली बाजू आहे ते दिसत नव्हतं. "एकोणीसशे एकच्या पुढचं केलंस?"

"नाही सर. पहिल्यापासून केलं. दोनपासून."

"का? तिथवर मी केलं होतं की."

मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल ही. वय झालंय, आजारी आहेत. ती म्हणाली, "तुम्ही केलं होतं. मी कुठं तपासलं होतं?"

मी जीभ चावली. ती पुढं म्हणाली, "चौदाशे तेहेतीसला तुमची बाकी चुकली आहे सर. तुम्ही तेराशे अकरा लिहिलंय. तेराशे एकवीस पाहिजे."

सर हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं. खोकला येईपर्यंत हसले, आतून मुलगी पाणी घेऊन आली तरी हसतच होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं नाही. "माझ्यावर बी भरवसा न्हाई," ते मुलीला सांगत होते, "बघ, माझ्यावर बी न्हाई!"

मग पाणी पिऊन, गठ्ठा सारखा करून म्हणाले, "मूळ हाय म्हनतीस?"

"मूळ आहे सर."

"मंग मी मानलं."

आम्ही उठलो. सर भिंतीला धरून दारापर्यंत आले. "गाडी कितीची?" त्यांनी विचारलं. महानंदा म्हणाली, "साडेपाचची, सर. लोह्यावरून." मी माझं उत्तर तोंडात तयार ठेवून उभी होते, की आता माझ्याकडं वळतील, मग मुलीला हाक मारतील, मग रस्त्यावरच्या कुणाला तरी.

सर कुणाकडंच वळले नाहीत. "साडेपाच," ते स्वतःशी म्हणाले, "मंग निघा. टाईम झाला."